व्हिएतनामला काय खाल्लंत, कुठे खाल्लंत, आणि घरी येऊन काय रांधलंत?

रानजाई:
नमस्कार मंडळी,
पुढच्या वर्षी, 2027 च्या फेब्रुवारीत, आम्ही पाच जण व्हिएतनामला जायचं ठरवतोय. हानोई, मग होई आन, शेवटी साइगॉन. नवरा आणि मुलगी बीफ सोडून सगळं खातात. मी अंड्यापर्यंत. सासऱ्यांना मासे प्रिय. सासूबाई मात्र जन्मभर शाकाहारी, आणि त्यातही काटेकोर. ज्या तव्यावर मासळी तळली त्या तव्यावरची भाजी त्यांना चालत नाही.

टूरवाल्यांनी रोज दोन्ही वेळा भारतीय हॉटेलात जेवायची सोय सुचवली आहे. मला ती मनापासून नको आहे. एवढ्या लांब जाऊन दाल तडका, जीरा राइस आणि पनीरच खायचं, तर निम्मा देश बघायचा राहूनच गेला म्हणायचं. सासूबाईंचं म्हणणं याहूनही सरळ आहे: "त्यांच्यातही देवाधर्माचे, मांस न खाणारे लोक असतीलच की. ते जे खातात ते मी खाईन."

तर असे लोक तिथे काय खातात आणि कुठे खातात? दुसरं असं, की होई आनला स्वयंपाकघर असलेलं घर घ्यायचा विचार आहे. तिथल्या बाजारातून आणून काय रांधता येईल? आणि परत आल्यावर इथे पुण्यात त्यातलं काय जमतं? सविस्तर लिहा, घाई नाही.

मुक्काम_पोस्ट:
माझं मत उलट आहे. हौस तरुणांनी करावी. घरचे वडीलधारे बरोबर असतील तर रात्रीचं जेवण ओळखीचं हवं. माझ्या वडिलांना हानोईच्या गल्ल्यांतल्या वासानेच जेवण जाईना, आणि उपाशी माणूस फिरायलाही तयार होत नाही. हानोई, दा नांग, साइगॉन, सगळीकडे भारतीय हॉटेलं भरपूर आहेत. शिवाय मेतकूट, भाजणी, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर न्याच.

साइगॉनकर:
रानजाई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी नेमकी गोष्ट पकडली आहे.

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं हो ची मिन्ह सिटीत राहतोय (इथले लोक बोलताना अजून साइगॉनच म्हणतात). बायको शाकाहारी आहे आणि ती इथे रोज बाहेरचं आनंदाने खाते. इथे महायान बौद्ध परंपरा आहे. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेला, कितीतरी घरांत मांस-मासे होत नाहीत. भिक्षू-भिक्षुणी आणि काही कुटुंबं तर कायमची शाकाहारी. या जेवणाला 'चाय' म्हणतात. पाटीवर रोमन लिपीत सी-एच-ए-वाय ही अक्षरं शोधायची. 'क्वान चाय' म्हणजे शाकाहारी खानावळ, 'कॉम चाय' म्हणजे शाकाहारी भात-भाजी. मोठ्या पॅगोडाच्या आसपासच्या गल्लीत एखादी तरी सापडतेच.

आत काचेच्या कपाटामागे भाज्या मांडलेल्या असतात. भाताच्या ताटलीवर बोट दाखवून हव्या त्या वाढून घ्यायच्या. टोमॅटोच्या रश्शात मुरलेला टोफू, मिरपूड घालून मातीच्या भांड्यात आटवलेली अळंबी, कच्च्या फणसाची भाजी, सारण भरलेल्या कारल्याचं पातळ सूप. माझ्या आईने इथे आल्यावर ते कारल्याचं सूप दोनदा मागून घेतलं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. साध्या दुकानात बसून "मांस घालू नका" असं सांगायच्या भानगडीत पडू नका. ती माणसं चांगुलपणाने वरचे तुकडे काढून देतील, पण रस्सा हाडांचाच असेल आणि भाजीत माशाचा सॉस असेलच, कारण त्यांच्या स्वयंपाकात मिठाचं काम तोच करतो. सासूबाईंसाठी चाय खानावळच शोधा. भांड्यांचा प्रश्नही तिथे आपोआप सुटतो.

तिथे सोया आणि गव्हाच्या ग्लूटेनचे असे हुबेहूब तुकडे मिळतात की चिकनच वाटावं. आधी माहीत असलेलं बरं, म्हणजे सासूबाई दचकणार नाहीत. पारंपरिक चाय स्वयंपाकात कांदा-लसूणही वर्ज्य असतो. कंदमुळं मात्र चालतात, त्यामुळे जैन मंडळींनी विचारून घ्यावं.

रानजाई:
साइगॉनकर, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. कांदा-लसणाचं ऐकून त्या म्हणाल्या, "मग तर चातुर्मासातही जाता येईल." :)

तिरफळ:
मासे खाणारे सासरे आहेत ना? मग हानोईत त्यांना 'चा का' खायला घाला. गोव्याच्या माणसाकडून शिफारस आहे, हलक्यात घेऊ नका.

नदीतल्या माशाचे तुकडे हळद आणि कुळिंजनाच्या जातीच्या मुळाच्या वाटणात मुरवतात आणि आधी भाजून घेतात. मग तुमच्या टेबलावर शेगडी येते, तिच्यावर तेलाचा तवा, आणि त्यात मासा आणि मूठमूठ शेपू. हो, आपला शेपू! सोबत कांद्याची पात. शेपू जरा मऊ झाला की तांदळाच्या बारीक शेवया, भाजलेले शेंगदाणे आणि तो मासा एकत्र करून खायचा. हानोईच्या जुन्या भागातल्या एका रस्त्याचं नावच या पदार्थावरून 'चा का' पडलं आहे. पूर्वी तो हांग सॉन रस्ता होता.

सोबत कोळंबीची जांभळट, उग्र वासाची आंबवलेली चटणी येते. तिला 'माम तोम' म्हणतात. लिंबू पिळून, साखर घालून फेसाळली की मला ती फार आवडते. ज्यांना सोसत नाही त्यांना माशाचा पातळ सॉस मागता येतो.

कोकणकडा:
शेपू?? माशात?? आमच्या घरात शेपूच्या नावाने अर्धी पंगत उठते.

तिरफळ:
कोकणकडा, एकदा हळदीच्या गरम तेलात माशाबरोबर करून बघा. मुगाच्या डाळीतल्या शेपूवरून त्याला जोखू नका. आपल्याकडच्या सुपरमार्केटात मिळणारा बासा बराचसा मेकाँग खोऱ्यातल्या तळ्यांतूनच येतो, तो चालतो. रावस असेल तर उत्तम.

चिंचोके:
बीफ न खाणाऱ्यांसाठी पाटीवरचे शब्द पाठ करा: 'बो' म्हणजे बीफ, 'गा' म्हणजे चिकन, 'तोम' कोळंबी, 'का' मासा, 'चुंग' अंडं. डुक्कर उत्तरेत 'लॉन', दक्षिणेत 'हेओ'. 'फो' म्हणजे रश्शातल्या तांदळाच्या चपट्या नूडल्स. 'फो गा' सांगितला तर रस्सा कोंबडीचा येतो. पण एकाच दुकानात फो बो आणि फो गा दोन्ही असतील तर रस्सा वेगळा आहे का ते विचारा. फक्त 'फो गा' एवढंच लिहिलेली दुकानं असतात, मी तिथेच बसतो. ह्वे शहराच्या नावाने मिळणाऱ्या 'बुन बो ह्वे'त गवती चहाचा सुंदर वास असतो, पण त्यात बीफ आणि डुक्कर दोन्ही असतं.

अनघा_सॅन_होजे:
इथे सॅन होजेत व्हिएतनामी वस्ती खूप मोठी आहे, त्यामुळे फो हा आमच्या घरचा शनिवारचा नाश्ता झालाय. रानजाई, हानोईत जो फो मिळेल तो बघून "एवढंच?" असं वाटेल, म्हणून आधीच लिहिते.

फोचा जन्म उत्तरेतला, हानोई आणि नाम दिन्ह प्रांतातला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. फ्रेंच आले, त्यांना बीफ हवं होतं, हाडं उरायला लागली आणि त्या हाडांचा रस्सा झाला. 1954 मध्ये देशाची फाळणी झाली तेव्हा लाखो लोक उत्तरेतून दक्षिणेत गेले आणि फोही त्यांच्याबरोबर गेला. दक्षिणेत पालेभाज्या मुबलक, गोडाची आवड जास्त. तिथे त्याला पानांचं ताट, मोड, लिंबू, होइसिन नावाचा घट्ट गोडसर सॉस असं सगळं मिळालं. 1975 नंतर जे निर्वासित अमेरिकेत, फ्रान्समध्ये, ऑस्ट्रेलियात पोचले त्यांतले बहुतेक दक्षिणेतले. म्हणून जगभर दिसतो तो साइगॉनचा फो. माझ्या मते तोच जास्त छान लागतो. आपल्या हाताने पानं तोडून घालायची, प्रत्येक घासाला चव बदलत राहते.

वैनतेय:
अनघाताई, इथे मी भांडणार. :) हानोईच्या फोत पानांचा ढीग नसतो कारण रश्शाला कशाची गरज नसते. कांद्याची पात, थोडी कोथिंबीर, बाजूला लसूण घातलेलं व्हिनेगर आणि तळलेल्या पिठाची लांब 'क्वे', रश्शात बुडवून खायला. होइसिन ओतला की भाजलेल्या आल्याचा आणि चक्रीफुलाचा वास गुदमरून जातो. सकाळी सहाला छोट्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून खा, आधी नुसता रस्सा प्या, मग मला सांगा.

अनघा_सॅन_होजे:
वैनतेय, आधी नुसता रस्सा प्यायचा हे एकदम मान्य. पानांवर मात्र मी ठाम आहे.

साइगॉनकर:
दोघांनाही: दुकानात बसल्यावर शेजारचा माणूस काय घालतो ते बघायचं आणि तसंच खायचं. एक व्यवहाराची गोष्ट. चांगली दुकानं एकच पदार्थ करतात आणि पातेलं संपलं की बंद. फो सकाळी, 'बुन चा' दुपारी. रात्री नऊला बुन चा शोधत फिरलात तर जुन्या दुकानात मिळणार नाही. साध्या दुकानात फोचा वाडगा 40 ते 70 हजार डोंगला पडतो. रुपयाला साधारण 300 डोंग धरा. बोलताना वरचे 'हजार' गाळतात, 50 म्हणाले की 50 हजार समजायचं. टिप द्यायची पद्धत नाही. टेबलावर पाकिटात ओला गार रुमाल ठेवलेला असतो, तो फोडलात तर त्याचे थोडे पैसे लागतात.

पुरणपोळी_आणि_दूध:
बुन चा म्हणजे ओबामांनी खाल्लं तेच ना?

साइगॉनकर:
हो. मे 2016 मध्ये, हानोईत, अँथनी बोर्डेन या टीव्हीवरच्या अमेरिकी शेफबरोबर. ते टेबल दुकानाने आता काचेत बंद करून ठेवलं आहे. कोळशावर भाजलेलं डुक्कर, आंबटगोड रस्सा, शेवया आणि पानं. रानजाईंच्या नवऱ्याला आणि लेकीला नक्की आवडेल.

डॉ_पंचगंगा:
पोटाबद्दल लिहितो. गर्दीचं दुकान निवडा, जिथे पातेलं उकळतंय आणि माल सारखा संपतोय. मधे भोक असलेला नळकांड्यासारखा बर्फ कारखान्यातला असतो, फोडलेल्या लादीपेक्षा तो बरा. कच्च्या पानांची ताटली हा तिथल्या जेवणाचा प्राण आहे, तरीही सासू-सासऱ्यांनी पहिले दोन दिवस पानं गरम रश्शात बुडवूनच खावीत. शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला असेल तर ते व्हिएतनामी भाषेत लिहून खिशात ठेवा, शेंगदाणे सगळीकडे भुरभुरलेले असतात. आणि ओआरएस घेऊन जा, साइगॉनचा उकाडा घाम काढतो.

गवती_चहा:
हा धागा बघून राहवलं नाही. मी होई आनला स्वयंपाकाच्या वर्गात गेले होते आणि तेव्हापासून घरी हेच चालू आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

सकाळी बाजार, मग सायकलने ट्रा क्वे गाव. तिथले शेतकरी नदीतलं शेवाळ खत म्हणून वाफ्यांत घालतात आणि फक्त पालेभाज्या आणि सुवासाची पानं पिकवतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने 2024 मध्ये ज्या गावांना उत्कृष्ट पर्यटन गाव म्हणून निवडलं त्यांत ते आहे. शिकवणाऱ्या बाईंनी चुलीजवळ जाण्याआधी आम्हाला तासभर नुसती पानं हुंगायला आणि चावायला लावली. तुळशीच्या कुळातली जांभळी 'तिआ तो', लिंबाच्या वासाचं 'किन्ह जॉय', तिखट 'राऊ राम', आणि एक 'जिएप का' नावाचं पान, त्याला चक्क माशाचा वास. शाकाहारी लोक ते पान आवडीने खातात. तिथे मला कळलं की हा स्वयंपाक मसाल्यावर नाही, पानांवर उभा आहे. इथे घरी करताना लोक सॉसच्या बाटल्या गोळा करतात आणि पानं मात्र विसरतात, म्हणून चव जमत नाही.

त्याच दिवशी तांदळाचा पापड, 'बान्ह चांग', करताना बघितला. उकळत्या पातेल्याच्या तोंडावर कापड ताणून बांधलेलं, त्यावर पिठाचं पातळ पळीभर पसरायचं, झाकण, क्षणात वाफवलेला पारदर्शक कागद बांबूच्या काडीने उचलायचा आणि जाळीवर वाळवायचा. माझी आजी उन्हाळ्यात तांदळाच्या फेण्या करायची तीच रीत. फक्त पानाऐवजी कापड.

इथे काय जमतं ते सांगते:

थाई बेसिलची पानं मिळाली नाहीत तर सब्जाची कोवळी पानं वापरा. वनस्पती एकाच जातीची आहे, बडीशेपेचा वास जरा कमी, एवढंच. तुळस मात्र नको, तिचा लवंगेसारखा जोर सगळं झाकून टाकतो. पुदिना आणि कोथिंबीर आपल्याकडे आहेच, कोथिंबिरीची देठं टाकू नका. गवती चहाची कुंडी असेल तर मुळाजवळचा पांढरा, जाड भाग कापून ठेचून घ्या, पानं चहाला राहू द्या. केळफूल बारीक चिरून लिंबाच्या पाण्यात ठेवायचं, मग शेंगदाणे, पुदिना आणि आंबटगोड सॉस घालून कोशिंबीर करायची. तिथे ती सगळीकडे मिळते. कोकणात तर केळफुलाला तोटाच नाही.

तांदळाचा कागद ऑनलाइन मिळतो. पाण्यात बुडवून लगेच काढा, हाताला थोडा कडकच लागला पाहिजे. सारण भरेपर्यंत तो आपोआप मऊ होतो. मऊ होईपर्यंत पाण्यात ठेवला की फाटलाच.

कोकणकडा:
शेवयांसाठी मी घरचे शिरवाळे वापरून बघितले, नारळाचा रस न घालता. सोऱ्यातून ताजे पाडलेले, गार केलेले. 'बुन'च्या, म्हणजे तिथल्या तांदळाच्या शेवयांच्या, जागी झकास लागले. विकतच्या वाळक्या राइस नूडल्सपेक्षा कितीतरी चांगले.

गवती_चहा:
कोकणकडा, फार छान सुचवलंत! ताजेपणा हाच त्यातला मुद्दा आहे. उद्याच करते.

रानजाई:
गवती_चहा, एक शाकाहारी फो लिहाल का? अगदी मापासकट. जायच्या आधी सासूबाईंना घरी करून घालेन.

गवती_चहा:
चार जणांसाठी. दोन मोठे कांदे आणि बोटभर आलं सालासकट थेट गॅसवर काळं होईपर्यंत भाजा, मग जळकी साल खरवडून काढा. ही पायरी गाळू नका, सगळा वास इथून येतो. (काटेकोर चाय हवं तर कांदा वगळा, आलं दुप्पट घ्या.) तीन चक्रीफुलं, दालचिनीचा एक तुकडा, चार लवंगा, एक मसाला वेलची आणि चमचाभर धणे कोरडे भाजून पुरचुंडीत बांधा. अडीच लिटर पाण्यात एक मोठा पांढरा मुळा, दोन गाजरं, मक्याची दोन कणसं तोडून आणि आठेक सुकी शिताके अळंबी घाला. पुरचुंडी सोडा. मंद आचेवर तासभर, खळखळून उकळू देऊ नका. पुरचुंडी पाऊण तासाने काढा, नाहीतर रस्सा कडवट होतो. शेवटी गाळून मीठ, सोया सॉस आणि खडीसाखरेचा छोटा खडा. रस्सा नुसता प्यायल्यावर किंचित खारट लागला पाहिजे, कारण नूडल्स अळणी असतात.

चपट्या राइस नूडल्स अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, वाढायच्या वेळी उकळत्या पाण्यात पंधरा-वीस सेकंद. वाडग्यात नूडल्स, तळलेला टोफू, अळंबीचे काप, वरून रस्सा. मग पानं, मुगाचे लांब मोड, लिंबू, हिरवी मिरची. प्रेशर कुकर वापरू नका, रस्सा गढूळ होतो.

वैनतेय:
चक्रीफुलाबद्दल भर घालतो. उत्तर व्हिएतनामचा लांग सॉन प्रांत त्याच्यासाठी नावाजलेला आहे, आणि भारतात विकलं जाणारं बरंचसं चक्रीफूल व्हिएतनामहूनच येतं. म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातलं बाद्यान आधीपासूनच तिकडचं आहे. तिथे बाजारात चांगली दालचिनीही मिळेल, जाड सालीची आणि गोडसर. आणण्यासारखी हीच वस्तू.

होई आनहून साधारण 40 किलोमीटरवर 'मी सन' नावाचं ठिकाण आहे, तिथल्या जुन्या चंपा राज्याच्या चाम राजांनी बांधलेली शिवमंदिरं. रानजाई, सासू-सासऱ्यांना तिथे न्याच. जेवणातही भारताची एक खूण दिसते: 'का री गा'. नारळाच्या दुधात, रताळी आणि गवती चहा घालून केलेली चिकन करी, पावाबरोबर खातात. करी पावडर भारतीय, पाव फ्रेंच, नारळ त्यांचा. साइगॉनमध्ये चेट्टियार व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती, मरिअम्मनचं देऊळ आजही शहराच्या मध्यभागी आहे.

पुरणपोळी_आणि_दूध:
पाव म्हटल्यावर 'बान्ह मी' कुणीच कसं लिहिलं नाही?

चिंचोके:
लिहितो. बाहेरून कुरकुरीत, आतून हलका पाव. त्यात व्हिनेगरमध्ये मुरवलेलं गाजर-मुळा, काकडी, कोथिंबीर, मिरची. पण नेहमीच्या बान्ह मीत डुकराच्या कलेजीचा वाटलेला लेप, 'पाते', लावलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. अंड्याचा हवा तर 'बान्ह मी चुंग' सांगून 'पाते' नको म्हणायचं. सासूबाईंना 'बान्ह मी चाय'. घरी करायला सोपा: गाजर-मुळ्याच्या काड्या मीठ लावून पिळायच्या आणि साखर-व्हिनेगरमध्ये तासभर ठेवायच्या. पावाला मात्र बेकरीतला कडक ब्रून घ्या, मऊ लादीपाव नको.

मी_कॉफीवाली:
जगात ब्राझीलनंतर सर्वांत जास्त कॉफी निर्यात करणारा देश, आणि आपण फक्त नूडल्सवर बोलतोय! बहुतेक रोबस्टा, धातूच्या छोट्या 'फिन'मधून थेंबथेंब गळणारी, खाली कंडेन्स्ड मिल्क. हानोईची अंड्याची कॉफी 1946 च्या सुमाराची. दुधाची टंचाई होती, तेव्हा मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या ङ्गुएन वान जांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून घातला. त्यांच्या घरच्यांचं कॅफे अजून चालतं. रानजाई, तुम्ही अंडं खाता, तुम्ही प्याच, पण बलक कच्चाच असतो हे लक्षात घ्या. सासूबाईंना नारळाची कॉफी द्या, मात्र कंडेन्स्ड मिल्क असतं हे सांगून. फिन स्वस्त असतो, येताना घेऊन या, दाक्षिणात्य फिल्टरची पूडही त्यात चालते.

कोकणकडा:
तिरफळ, माशाच्या सॉसवर तुम्ही लिहा ना. इथे ऑनलाइन कोणता घ्यावा?

तिरफळ:
'नुओक माम'. मांदेलीच्या कुळातला छोटा मासा आणि मीठ, साधारण तीनास एक, लाकडी पिंपात वर्षभर. दुसरं काही नाही. फु क्वोक बेटाचा सगळ्यात नावाजलेला, युरोपीय संघाने 2012 मध्ये त्याच्या नावाला संरक्षण दिलं. फान थिएतचाही चांगला. बाटलीवर मासा आणि मीठ एवढंच लिहिलेलं असावं. सॉस किती कसदार ते सांगणारा नायट्रोजनचा अंक असतो, तो 30 च्या वरचा असेल तर कोशिंबिरीला आणि बुडवून खायला उत्तम. बुडवायचा सॉस असा: एक भाग नुओक माम, एक भाग साखर, एक भाग लिंबाचा रस, चार-पाच भाग कोमट पाणी, वर ठेचलेली लसूण-मिरची. बाटली नाकाजवळ नेऊन मत बनवू नका. लिंबू-साखरेत मिसळल्यावर चव घ्या. विमानात मात्र काही कंपन्या तो सामानातही घेऊ देत नाहीत. आधी विचारा, नाहीतर इथेच मागवा.

मुक्काम_पोस्ट:
एवढं सगळं वाचून माझंही मत थोडं हललंय. चाय खानावळी मला माहीत असत्या तर वडिलांना तिथे नेलं असतं. तरीही मेतकूट न्या, एखाद्या रात्री थकवा इतका असतो की खानावळ शोधायचं त्राण नसतं.

साइगॉनकर:
मुक्काम_पोस्ट, मेतकूट-भाताला माझाही पाठिंबा. घरात कुकर नसला तरी राइस कुकर नक्की असतो. आणि रानजाई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला अजून नीट उत्तर मिळालेलं नाही: तिथे काय रांधायचं. सकाळी सातच्या आत बाजारात जा. टोफू गरम मिळतो, त्याला तळायचीही गरज नाही. 'राऊ मुओंग' घ्या, म्हणजे आपली नाळीची भाजी. मोठ्या आचेवर लसूण घालून दोन मिनिटं परता. हॉटेलात तिच्यात ऑयस्टर किंवा फिश सॉस पडतो, घरी केली की सासूबाईंना निर्धास्त खाता येते. टोमॅटोत टोफू, कच्च्या फणसाची कोशिंबीर, भात. सासऱ्यांचा मासा वेगळ्या तव्यावर. एक नवा तवा आणि पातेलं घेऊन घ्या, बाजारात स्वस्त मिळतात.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. भारतीय हॉटेलांची सोय टूरवाल्यांना आज फोन करून नको म्हणून सांगितली. तिकिटं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली बघतोय. चालेल ना?

साइगॉनकर:
नाही, नाही, थांबा! 2027 चा तेत, म्हणजे इथलं नवीन वर्ष, 6 फेब्रुवारीला आहे. त्याच्या आगेमागे घरगुती दुकानं बंद. मालक गावी गेलेले असतात, गाड्या भरलेल्या, आणि उघडी असतात ती जास्त पैसे घेतात. तुम्हाला ज्या खानावळी हव्या आहेत त्याच नेमक्या बंद सापडतील.

17-18 तारखेच्या सुमारास या. 20 फेब्रुवारीला वर्षातली पहिली पौर्णिमा आहे. त्या दिवशी पॅगोडांत गर्दी लोटते आणि एरवी मांस खाणारी घरंही चाय जेवतात. सासूबाईंसाठी याहून चांगला मुहूर्त नाही. आदल्या रात्री, चौदाव्या तिथीला, होई आनला विजेचे दिवे मालवून कंदील लावतात. हे दोन दिवस होई आनला ठेवा, हानोई नंतर घ्या. व्हिसा ऑनलाइन मिळतो, फक्त पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं भरा.

रानजाई:
बाप रे, बरं झालं विचारलं. आधी होई आन, मग हानोई, शेवटी साइगॉन, असाच बेत बदलते. "मी चाय खाते" हे त्यांच्या भाषेत कसं म्हणायचं?

साइगॉनकर:
"तोय आन चाय." पण सूर चुकला तर कळत नाही, म्हणून फोनवर लिहून दाखवा. "फिश सॉस नको" हेही त्याखाली लिहून ठेवा.

कोकणकडा:
गवती_चहा, सब्जाची पानं कुठे मिळतात? भाजीवाल्याला विचारलं तर तो बी दाखवतो.

गवती_चहा:
विकत पानं मिळत नाहीत, ते बीच पेरा. किराणा दुकानातलं सब्जाचं बी जुनं नसेल तर उगवतं. मातीवर भुरभुरवून वर अगदी पातळ थर द्या, खोल पुरू नका, आणि कुंडी उन्हात ठेवा. पाणी हलक्या हाताने, बी वाहून जाता कामा नये. महिना-दीड महिन्यात खुडायला येतं. तुरा दिसला की लगेच खुडा, फुलावर गेलं की पानं राठ होतात.